वाचकांचे प्रश्न : बर्गंडीच्या चढउतारांवर सायकल

फ्रान्समधील सायकल-सहलींविषयी गेल्या काही आठवड्यांत आलेल्या पत्रांपैकी बरीचशी बर्गंडी या एकाच प्रांताभोवती फिरणारी होती. त्यामुळे या वेळचे सदर त्या प्रांतासाठीच राखून ठेवले आहे. पत्रे लांब होती, म्हणून प्रश्नांचा गाभा तेवढा येथे दिला आहे.

प्रश्न : आम्ही पुण्याचे चार मित्र, सर्व पन्नाशीच्या आसपासचे. सिंहगड, खंबाटकी आणि वरंध घाट नेहमी करतो. दहा दिवसांच्या रजेत दिजोंपासून लियोंपर्यंत, रोज शंभर किलोमीटर याप्रमाणे, व्हेझले आणि ओताँसह सर्व प्रसिद्ध चर्च पाहत जाण्याचा बेत आहे. नकाशात कोठेही मोठा डोंगर दिसत नाही. हे जमेल ना?

उत्तर : शंभर किलोमीटर जमतील आणि चर्चही पाहून होतील, परंतु दोन्ही एकाच दिवशी जमणे अवघड आहे. मोठा डोंगर दिसत नाही, हीच त्या नकाशातली फसवी गोष्ट आहे. मोर्व्हां हा बर्गंडीचा सर्वांत उंच भाग धरला, तरी तेथील ओ-फोलँ हे शिखर 901 मीटरच्या पुढे जात नाही आणि दक्षिणेकडील माकोने भागात टेकड्या त्याहूनही ठेंगण्या आहेत. मात्र तेथील जुने रस्ते टेकडीला वळसा न घालता बहुधा तिच्या अंगावरूनच सरळ वर जातात, माथ्यावर गाव लागते, गाव संपताच रस्ता तितकाच सरळ खाली ओढ्याकडे उतरतो आणि पूल ओलांडल्याबरोबर पुढचा चढ सुरू होतो. चढ एक ते तीन किलोमीटरचे, सहा-सात टक्क्यांचे, मध्येच दहाच्या पुढे जाणारे असतात. आपल्याला घाटाची सवय आहे. घाटात एकदा श्वास आणि गिअर जुळले की तासभर त्याच तालात चढता येते. येथे तो ताल बसण्याआधीच चढ संपतो आणि उतारावर अंग थंड होते न होते तोच पायांना पुन्हा जोर लावावा लागतो. सत्तर किलोमीटरच्या दिवसात हजार मीटरच्या वर एकूण चढ भरणे ही येथे नित्याची गोष्ट आहे. संध्याकाळी थकवा येतो तो असा तुकड्यातुकड्यांनी साठलेला असतो. पुढे 34 दातांची चकती आणि मागे 32 दातांपर्यंतची कॅसेट (मागच्या चाकावरील दातेरी चकत्यांचा संच) असू द्यावी. सामान सायकलवरच असेल, तर याहून हलक्या गिअरचा संकोच बाळगू नये.

माझा सल्ला असा की दिजों ते लियों ही सरळ रेषा सोडून द्यावी आणि क्लूनी या लहानशा गावात मुक्काम टाकून चार-पाच दिवस तेथूनच रोज वेगवेगळ्या दिशांना जावे. उदाहरणार्थ, सोन नदीकाठच्या तूर्नूहून निघून ओझने गावावरून ब्राँसियोंच्या खिंडीत चढावे, पलीकडे शापेझ आणि कोर्मातँकडे उतरावे आणि तेझेवरून क्लूनीला पोहोचावे. हे अंतर जेमतेम चाळीस किलोमीटर भरते, पुण्याच्या सायकलस्वाराला ते रविवार सकाळचे काम वाटेल. पण एवढ्या अंतरात अकराव्या-बाराव्या शतकांतील चार मोठ्या वास्तू, एक गढी आणि एक राजवाडा लागतो, आणि या प्रत्येक ठिकाणी अर्धा तास थांबले तर दिवस पुरा होतो. जून महिन्यात तेथे साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे सावकाश जाण्यात धोका काहीच नाही. ओताँ आणि व्हेझले मात्र याच फेरीत कोंबू नयेत. ओताँसाठी एक पूर्ण दिवस काढावा. व्हेझले उत्तरेला आहे आणि पॅरिसकडून सेर्मिझेल या स्थानकापर्यंत रेल्वेने येऊन तेथून दहा-एक किलोमीटर सायकलने गाठता येते, म्हणून ते सहलीच्या सुरुवातीला अथवा शेवटी ठेवणे सोयीचे पडेल.

प्रश्न : मी नागपूरला वास्तुकला शिकवते. सायकलवरून जाताना दर गावात चर्च दिसेल, पण नेमके काय पाहायचे हे माहीत नसेल तर चौथ्या चर्चनंतर सारी सारखीच वाटू लागतील अशी भीती वाटते. काही मार्गदर्शन कराल का?

उत्तर : ही भीती रास्त आहे. बर्गंडीतील जुनी चर्च बहुतेक रोमनेस्क शैलीची, म्हणजे गॉथिकच्या आधीची आहेत. टोकदार नव्हे तर प्रामुख्याने गोल कमानी, जाड भिंती, लहान खिडक्या आणि वर दगडी कमानदार छत ही त्यांची सर्वसाधारण लक्षणे होत. दगडी छताचे वजन भिंतींना बाहेर ढकलते आणि म्हणून भिंतीत मोठे झरोके ठेवता येत नाहीत, ही त्या काळच्या गवंड्यांपुढची मूळ अडचण होती. कोणत्याही चर्चमध्ये शिरल्यावर ‘येथे ही अडचण कशी सोडवली आहे?’ एवढा एकच प्रश्न मनाशी धरला, तर दोन चर्च सारखी वाटणार नाहीत.

तूर्नूचे सँ-फिलिबेर याचे फार चांगले उत्तर देते. नॉर्मन दर्यावर्दींच्या स्वाऱ्यांना कंटाळून नॉरमूतिए बेटावरचे साधू आपल्या संताच्या अस्थी घेऊन वणवण करीत 875 मध्ये येथे येऊन स्थिरावले. पुढे बांधलेल्या चर्चच्या मुख्य दालनावर गवंड्यांनी एकच लांब छत न घालता अनेक लहान कमानी छते आडवी, शेजारीशेजारी बसवली. त्यामुळे प्रत्येक छत शेजारच्या छताला तोलून धरते, बाजूच्या भिंतींवरचा भार घटतो आणि वरच्या अंगाला खिडक्या ठेवता येतात. गुलाबी छटेच्या उंच, गोल, कोणतेही कोरीवकाम नसलेल्या खांबांवर सकाळचा उजेड पडलेला असतो, तेव्हा या युक्तीचे मोल ध्यानी येते. शापेझचे सँ-मार्तँ याहून साधे आहे, पण पस्तीस-एक मीटर उंचीचा त्याचा मनोरा ब्राँसियोंच्या उतारावरून येताना दुरूनच दिसतो, आणि इतक्या लहान गावाला एवढा मनोरा कशासाठी, हा प्रश्न पडतोच. तेथे एकेकाळी साधूंचा मठ होता, हे त्याचे उत्तर.

क्लूनीला गेल्यावर बहुतेकांची निराशा होते, कारण पाहायला गेलेली वास्तू जागेवर नसतेच. 910 मध्ये अक्वितेनच्या विल्यमने स्थापिलेल्या या मठाचे तिसरे चर्च 1088 मध्ये बांधायला घेतले. त्याची लांबी 187 मीटर होती आणि रोममधील आजचे सेंट पीटर्स उभे राहीपर्यंत ख्रिस्ती जगात याहून मोठे चर्च नव्हते. राज्यक्रांतीनंतर 1798 मध्ये ते विकले गेले आणि पुढची पाव शतकभर सुरुंग लावून त्याचा दगड काढला गेला. त्या जागेत नेपोलियनच्या काळात सरकारी घोड्यांच्या पागा आल्या, मुख्य दालनातून रस्ता गेला. आज उभा आहे तो क्रुसाकृती चर्चच्या दक्षिणेकडील आडव्या बाहूचा एक तुकडा आणि त्यावरचा अष्टकोनी मनोरा. आपण त्या तुकड्याखाली उभे राहून मान वर करावी. ही केवळ एका बाहूची उंची असेल, तर सारे चर्च केवढे असेल, याचा हिशेब तेथल्या तेथे लागतो आणि माझ्या मते बर्गंडीतले सर्वांत बोलके अवशेष हेच आहेत. क्लूनीचे चित्रवैभव कसे असावे याची कल्पना हवी असेल, तर बेर्झे-ला-व्हील या जवळच्या गावातले साधूंचे छोटे प्रार्थनामंदिर पाहावे. तेथील बाराव्या शतकाच्या आरंभीची भित्तिचित्रे टिकून आहेत.

शिल्पासाठी मात्र ओताँ आणि व्हेझले यांना पर्याय नाही. ओताँच्या सँ-लाझार कॅथेड्रलच्या पश्चिम दारावर अखेरच्या न्यायनिवाड्याचा अर्धवर्तुळाकार शिल्पपट आहे, सुमारे 1130 चा. मध्यभागी ख्रिस्त, एका बाजूला तराजूत आत्मे तोलले जात आहेत आणि तराजूचे पारडे खाली ओढू पाहणारा सैतान त्याच्या शेजारी आहे. खालच्या पट्टीत कबरींतून उठलेल्या उघड्या माणसांची रांग आहे. उजवीकडच्या अर्ध्या भागात एका माणसाची मान दोन प्रचंड पंज्यांनी धरली आहे. हे पंजे कोणाचे, ते दाखवलेले नाही, त्यामुळे त्या माणसाच्या उघड्या तोंडाकडे पाहवत नाही. ख्रिस्ताच्या पायाशी ‘हे गिस्लेबेर्तुसने केले’ अशा अर्थाचा लॅटिन लेख आहे. हा शिल्पकार की काम करवून घेणारा धनी, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. 1766 मध्ये तेथील धर्माधिकाऱ्यांना हे शिल्प ओबडधोबड वाटू लागले, तेव्हा त्यांनी ते गिलाव्याखाली पुरून टाकले आणि गिलाव्याच्या आड येणारे ख्रिस्ताचे मस्तक काढून टाकले. या अरसिकपणाचे उपकारच मानले पाहिजेत, कारण राज्यक्रांतीच्या तोडफोडीत गिलाव्यामागे काय आहे हे कोणाला ठाऊकच नव्हते. 1837 मध्ये गिलावा काढला गेला आणि मस्तक 1948 मध्ये पुन्हा जागेवर बसवले. उत्तरेकडच्या दारावरची आडवी पडलेली ईव्ह समोरच्या रोलँ संग्रहालयाच्या संग्रहात आहे. तेथे जाण्यापूर्वी संग्रहालय उघडे आहे ना, याची खात्री करून घ्यावी.

व्हेझलेला बाहेरच्या दारावरचा शिल्पपट पाहून परत फिरू नये, कारण तो एकोणिसाव्या शतकातला आहे. मूळचा आतल्या ओसरीत, दुसऱ्या दारावर आहे. त्याच्या कडेने जगाच्या टोकाला राहणारे म्हणून कल्पिलेले लोक कोरले आहेत. त्यांत कुत्र्याच्या तोंडाची माणसे आहेत, सुपाएवढ्या कानांची आहेत आणि घोड्यावर चढण्यासाठी शिडी लावणारा एक बुटका आहे. आत एका खांबाच्या शिरोभागी जात्याचे शिल्प आहे. त्यात मोझेस धान्य ओततो आहे आणि पॉल पीठ गोळा करतो आहे. 21 जूनच्या सुमारास गेलात, तर सूर्य माथ्यावर येतो त्या वेळी, म्हणजे तेथील घड्याळात दुपारी दोनच्या थोडे आधी, दक्षिणेच्या खिडक्यांतून आलेले कवडसे दालनाच्या मधोमध एका ओळीत पडलेले दिसतील. 1146 मध्ये संत बर्नार्डने दुसऱ्या धर्मयुद्धाची हाक दिली ती याच टेकडीवर आणि मोडकळीला आलेल्या या चर्चची दुरुस्ती 1840 मध्ये व्हियोले-ल-द्युक या अवघ्या सव्वीस वर्षांच्या वास्तुविशारदाकडे सोपवली गेली. आपल्या विद्यार्थ्यांना हे वय जरूर सांगावे. आणखी एक गोष्ट भारतीय प्रवाशाने चुकवू नये. गांधीजी, रामकृष्ण आणि विवेकानंद यांची चरित्रे लिहिणारे रोमँ रोलाँ आयुष्याच्या अखेरीस व्हेझलेलाच राहत होते आणि 1944 च्या डिसेंबरात तेथेच वारले. त्यांच्या घरात आता झेर्व्होस संग्रहालय आहे.

प्रश्न : आम्ही कोल्हापूरचे पती-पत्नी, दोघेही साठीच्या पुढे. चढ आता झेपत नाहीत आणि मोटारींचीही भीती वाटते. आम्ही हा विचार सोडून द्यावा का?

उत्तर : मुळीच सोडू नये. शालों, क्लूनी आणि माकों यांना जोडणारी जुनी रेल्वे बंद झाल्यावर रुळांच्या जागी डांबरी सायकलमार्ग करण्यात आला. त्याचा झिव्हरी ते क्लूनी हा 44 किलोमीटरचा टप्पा 1997 मध्ये खुला झाला आणि ‘व्हॉय व्हेर्त’ म्हणजे हरितमार्ग या नावाने ओळखला जाणारा फ्रान्समधला हा पहिला मार्ग ठरला. आगगाडीला चढ सोसत नाही, म्हणून या मार्गाला चढ जवळजवळ नाहीच, आणि मोटारींना तेथे मज्जाव आहे. जुनी स्थानके अजून वाटेत आहेत. ब्युक्सी, सँ-झांगू आणि कोर्मातँ ही गावे मार्गाला लागूनच आहेत. कोर्मातँच्या राजवाड्याला एक दुपार द्यावी. क्लूनीच्या पुढे बुआ-क्लेर टेकडीखाली जुन्या रेल्वेचा सुमारे सोळाशे मीटर लांबीचा बोगदा लागतो. आत दिवे असतात, पण भर उन्हाळ्यातही तेथे चांगलाच गारठा असतो, म्हणून जाकीट हाताशी ठेवावे. हिवाळ्यात वटवाघळांच्या मुक्कामामुळे हा बोगदा बंद ठेवतात. तेव्हा टेकडीवरून जावे लागते. थोडे चढ करायचेच ठरवले, तर विजेवर चालणारी सायकल भाड्याने घ्यावी. तेथे आपल्याहून वडीलधारी मंडळीही ती सर्रास वापरतात.

प्रश्न : उजव्या बाजूने चालवण्याची सवय नाही. रस्त्याचे कोणते नियम विशेष लक्षात ठेवावेत? (नाशिक)

उत्तर : उजवी बाजू अर्ध्या दिवसात अंगवळणी पडते. चूक होते ती थांब्यानंतर पुन्हा निघताना आणि रिकाम्या रस्त्यावर वळताना. तेथे जरा सावध असावे. खरा घोटाळा ‘उजवीकडच्याला प्राधान्य’ या नियमाचा आहे. वेगळी खूण नसेल, तर चौकात उजवीकडून येणाऱ्या वाहनाला आधी जाऊ द्यावे लागते, मग ती गल्ली कितीही अरुंद आणि आपला रस्ता कितीही मोठा असो. जुन्या गावांत असे कोपरे पुष्कळ असतात. पिवळ्या चौकोनी हिऱ्याची पाटी दिसली की प्राधान्य आपल्याला आहे असे समजावे. गोल चौकात मात्र आत असलेल्या वाहनाला आधी वाट द्यायची असते. सायकलला ओलांडताना मोटारीने गावात एक मीटर आणि गावाबाहेर दीड मीटर अंतर राखावे असा तेथील कायदा आहे आणि खेड्यातले चालक तो पाळतात. हॉर्न न वाजवता ते मागे थांबून राहतात, इतके की सुरुवातीला आपल्यालाच ओशाळल्यासारखे होते. कानात इअरफोन घालून सायकल चालवण्यास 2015 पासून बंदी आहे. रात्री किंवा धुक्यात गावाबाहेर चमकती बंडी घालणे सक्तीचे आहे. हेल्मेटची सक्ती बारा वर्षांखालील मुलांनाच आहे, तरी आपण ते घालावे हे वेगळे सांगायला नको.

प्रश्न : आम्ही शाकाहारी आहोत. खेड्यापाड्यांत खायचे काय, आणि पाणी कोठे मिळेल? (ठाणे)

उत्तर : उपाशी राहण्याची वेळ येईल ती शाकाहारामुळे नव्हे, तर वेळेमुळे. जेवणाची वेळ बारा ते दीड-दोन. त्यानंतर स्वयंपाकघर बंद होते आणि दुकानेही दुपारी दोन-तीन तास बंद असतात. रविवारी दुपारनंतर आणि पुष्कळदा सोमवारी खेड्यात पाव मिळणेही कठीण होते. म्हणून सकाळी पहिल्या बेकरीतच दिवसभराची तरतूद करून घ्यावी. माकोने भागातील बकरीच्या दुधाचे लहान, निमुळते चीज आणि दिजोंकडचा मध-मसाल्याचा पाव सायकलवर दोन दिवस सहज टिकतो. मात्र बहुतेक पारंपरिक चीजमध्ये दूध घट्ट करण्यासाठी जनावरापासून मिळणारे रेनेट असते, हे ज्यांना वर्ज्य असेल त्यांनी ध्यानात घ्यावे. खाणावळीत ऑम्लेट किंवा गरम बकरी-चीज घातलेले सॅलड मिळते, पण सॅलडमध्ये डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे न विचारता घालण्याची पद्धत आहे. ‘अफ आं मरेत’ हा अंड्यांचा पदार्थ म्हणून निर्धास्तपणे मागवू नये. ती लाल वाइनच्या रश्श्यातली अंडी असतात आणि त्या रश्श्यातही तेच तुकडे असतात. अंडेही चालत नसेल, तर राहत्या जागी स्वयंपाकाची सोय बघणेच बरे, पिठल्याचे पीठ नेले तरी चालेल.

पाण्यासाठी फ्रेंच सायकलस्वारांची जुनी युक्ती आहे. गावाच्या कडेला असलेल्या दफनभूमीत फुलझाडांसाठी नळ असतो, तेथे बाटली भरून घेतात. ‘पिण्यायोग्य नाही’ अशी फ्रेंच पाटी असेल, तर अर्थातच ते पाणी घेऊ नये. आत जाताना हेल्मेट काढावे आणि आवाज करू नये.

प्रश्न : मी म्हापशाची. आमच्याकडे चर्चमध्ये आखूड कपड्यांत कोणी जात नाही. सायकलच्या कपड्यांत आत शिरणे योग्य दिसेल का? आणि लहान गावांतली चर्च उघडी असतात का?

उत्तर : व्हेझलेसारख्या यात्रेच्या ठिकाणी साधू-साध्वींची नित्य प्रार्थना चालते, म्हणून तेथे गुडघ्याखाली येणारी हलकी विजार आणि खांदे झाकणारा सदरा वर चढवावा. बॅगेत त्यांची जागा मुठीएवढीच असते. इतरत्र सायकलच्या कपड्यांना कोणी हरकत घेत नाही, पण प्रार्थना चालू असेल तर फिरून पाहणे थांबवावे. आपण मिस्साला, म्हणजे चर्चमधील उपासनेला, बसणार असाल तर गोष्ट वेगळी. कपड्यांपेक्षा बुटांची अडचण मोठी असते. पेडलला अडकणारे क्लीटचे बूट झिजून गुळगुळीत झालेल्या फरशीवर घसरतात आणि दगडी छताखाली त्यांचा खडखडाट दारापासून वेदीपर्यंत ऐकू जातो. साध्या चपला जवळ ठेवाव्यात.

फ्रान्समध्ये 1905 च्या कायद्याने धर्म आणि राज्य वेगळे झाले, तेव्हापासून जुनी गावचर्च ग्रामपालिकेच्या मालकीची आहेत आणि कॅथेड्रल बहुतांशी सरकारच्या. त्यामुळे छपराची गळती दुरुस्त करणे हे तेथे पाद्रीबाबांचे नव्हे, तर महापौरांचे काम असते, आणि पाद्रीबाबाही एकच अनेक गावांना पुरवलेले असतात. बरीच चर्च दिवसभर नुसती लोटलेली असतात. दार जड असते, म्हणून बंद आहे असे ठरवण्यापूर्वी खांद्याने एकदा ढकलून पाहावे. खरोखरच कुलूप असेल, तर चावी कोणत्या घरी आहे याची चिठ्ठी पुष्कळदा दारावरच असते, नाहीतर ग्रामपालिकेच्या कार्यालयात विचारावे. विचारण्यापूर्वी ‘बाँझूर’ म्हणायला मात्र विसरू नये. त्याविना केलेला प्रश्न तेथे उद्धटपणाचा समजतात.

प्रश्न : सायकल येथून न्यावी की तेथे भाड्याने घ्यावी? (सोलापूर)

उत्तर : हरितमार्गापुरते जायचे असेल, तर तेथे भाड्याने घ्यावी. त्या मार्गाच्या परिसरात साध्या आणि विजेच्या सायकली मिळतात. चढउतारांच्या रस्त्यांवर रोज जायचे असेल, तर आपल्या मापाची रोडबाइक न्यावी, कारण चांगली रोडबाइक भाड्याने मिळणे लहान गावांत कठीण जाते. पॅरिसहून दिजों, बोन, तूर्नू, माकों या मार्गाने जाणाऱ्या प्रादेशिक गाड्यांतून न सोडवलेली सायकल नेता येते. हंगामात तिच्यासाठी जागा राखून ठेवावी लागते की काय, ते तिकीट काढतानाच पाहावे. मे, जून आणि सप्टेंबर हे महिने उत्तम. सप्टेंबरात द्राक्षतोडणी चालू असते, तेव्हा बोनच्या दक्षिणेकडील मळ्यांतल्या अरुंद वाटांवर ट्रॅक्टर आणि त्यांच्या चाकांनी आणलेला चिखल असतो. पाऊस पडून गेला असेल, तर त्या वाटांवर उतारावर ब्रेक जपून लावावेत.